लिंबं अख्खीच राहिली

भास्कररावांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, पुढच्या चाकांसमोर दोन लिंबं ठेवली आणि पायरीवर बसलेल्या बायकोला हाक मारली, “कुमुद, चल, बस!”

“त्या खेळण्यात? लोक हसतील.” ती जागची हलली नाही.

गुडघे गेल्यापासून घरामागच्या चिकूच्या वाडीत तिचं पाऊल पडलं नव्हतं. झाडं तिच्याच हातची. पण कुणी धरून न्यायला लागलं, की ती मान फिरवायची. म्हणून तर त्यांनी बंद पडलेल्या रिसॉर्टातली ही जुनी, बॅटरीवर चालणारी गोल्फ कार्ट विकत आणली होती. बॅटऱ्या बदलल्या, फाटलेली सीट शिवून घेतली. मोटरच्या वायरी मात्र मेकॅनिकला हात लावू न देता स्वतःच जोडल्या.

त्यांनी नारळ फोडला, ऐटीत बसून पेडल दाबलं. गाडी निघाली ती थेट मागे! लिंबं समोर अख्खीच्या अख्खी.

“वायरी उलट्या लागल्या वाटतं,” ते ओशाळले.

कुमुद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग काठी टेकत आली आणि शेजारी बसली.

“लोकांच्या आधी मीच हसून घेतलं. आता चला. नाहीतरी वाडी मागेच आहे.”