दोन ओळींचं भिंग

जावयाने सासऱ्यांना सगळं खरं सांगून टाकलं. पण ते अजून झालेलंच नाही असं धरून चाला. त्या सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला असलेला जावईही, आपल्याला काही सांगावंच लागणार नाही असं धरून चालला होता.

सासरे तपासणीच्या उंच खुर्चीत बसले होते. नाकावर ती जड गोल फ्रेम, जिच्यात काचा बदलून बदलून घालतात. मांडीवर स्वतःचं पवित्र शास्त्र. जावयाने बारीक अक्षरांचा छापील तक्ता पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"तक्ते वाचायला चष्मा करतोय का मी? जे वाचायचंय त्यावरच तपासा, जावईबापू."

इतकी वर्षं ते भिंगाने वाचत. परवाना खात्यातून निवृत्त होताना मिळालेलं भिंग, काड्यापेटीएवढं. त्यात एका वेळी दोनच ओळी मावत. त्या पटल्या की त्या दिवसाचं देवाशी बोलणं पूर्ण. अशाच दोन ओळी त्यांनी लेकीच्या लग्नात लाकडी पाटीवर कोरून घेऊन भेट दिल्या होत्या. अर्थ असा, की आपण एकमेकांपासून दूर असलो तरी देव आपल्या दोघांवर लक्ष ठेवून असो. पाटी जावयाच्या दारावर होती. म्हणजे कालपर्यंत होती. आता वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात होती.

खोकी कशाला भरलीत, तर घराला रंग द्यायचाय, असं सासऱ्यांना सांगितलेलं. सांगायचं होतं ते वेगळंच. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी दुसऱ्या शहरात आणखी एक दुकान काढलं होतं आणि ते सांभाळायला शुक्रवारी बायकोला घेऊन निघायचं होतं. कायमचं. बायको म्हणाली, बाबांना तू सांग. हा म्हणाला, बाबा तुझे. त्या वादात महिना गेला, आणि खोक्यांवर 'काच, जपून' हे सासऱ्यांनीच येऊन सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

पुस्तक आपसूक पाटीवरच्या ओळींच्याच पानावर उघडलं; बांधणी तिथेच मोडली होती. सासऱ्यांनी पाठ असलेल्या ओळी वाचल्या आणि थबकले.

"अरे, वर पण लिहिलंय की!"

"असतं, बाबा," म्हणत जावयाने घाईघाईने काच बदलली. "हे बरं दिसतंय की मघाचं?"

"मघाचं."

त्याने आणखी जाड काच घातली. "आणि हे?"

"ह्याच्यात तर पुस्तकच गेलं. मघाचंच द्या."

द्यावं लागलं. सासऱ्यांचं बोट पान चढत गेलं. "ह्या ओळी सासऱ्याने जावयाला म्हटल्यात होय? सासरा मेंढरं कातरायला गेलेला, तेवढ्यात जावई बायकापोरं घेऊन पसार. सासरा गाठतो त्याला. म्हणतो, सांगितलं असतंस तर वाजतगाजत पाठवलं असतं. लेकींचा मुकासुद्धा घेऊ दिला नाहीस." बोट थांबलं. "रंग कुठला देताय घराला?"

जावयाला एकाही रंगाचं नाव आठवेना.

"शुक्रवारी निघतोय आम्ही, बाबा," तो म्हणाला, आणि मग नव्या घराच्या गळक्या नळापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला.

सासरे पुन्हा पानाकडे वळले. "ह्या जावयाला निघ म्हणून देवानेच सांगितलेलं. लिहिलंय इथे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मालकांनी."

"आणि मालकांना?"

मालक गल्ल्यावर बसून दात कोरत होते. त्यांच्याकडे बघून काही सांगता येत नव्हतं.

"असो. त्या वरच्या टेबलावरून सही होऊन आलेलं काम खाली कोणाला अडवता येत नाही. सासऱ्यालाही स्वप्नात देवाची ताकीद आहे, जावयाला बरंवाईट काही बोलू नकोस. म्हणून बोलत नाही." त्यांनी बोट पुन्हा खाली, आपल्या दोन ओळींवर आणलं. मग हळूच म्हणाले, "पण म्हणजे ह्या दोन ओळी आशीर्वाद नव्हेतच. दोघांचा एकमेकांवर भरवसा नाही, म्हणून देवाला पहाऱ्यावर बसवलंय."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नाच्या रात्रीच वाचलं होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम, तंबी म्हणूनच दिलीत पाटी. म्हणून तर सांगायची हिंमत होईना."

सासऱ्यांनी काचांआडून त्याच्याकडे पाहिलं. काचा जवळचं वाचायच्या होत्या, जावई लांब उभा होता. धूसरच दिसला असणार.

"लग्नाच्या रात्री वाचत काय बसलात, भल्या माणसा!"

मग त्यांनी फ्रेम उतरवली, डोळे पुसले आणि परवाना खात्यातला आवाज लावला.

"लिहून घ्या. अर्जदारास पूर्ण पान दिसू लागल्याने त्याची गैरसोय झाली आहे. सबब चष्म्याचा नंबर असा मंजूर व्हावा, की एका वेळी दोनच ओळी दिसतील, आणि त्या कोणत्या हे अर्जदार ठरवील. मंजुरी शुक्रवारपूर्वी मिळावी, ही नम्र विनंती."