राहण्यास अयोग्य

नगरपालिकेच्या कचेरीतला इन्स्पेक्टर दारात आला तेव्हा गंगाबाई नवऱ्याला पेज भरवत होती. काशिरामचं डावं अंग लुळं पडलं होतं, जीभही जड झाली होती. वाटी खाली ठेवून ती लगबगीनं उठली.

"या सायेब. दीड म्हैना झाला अर्ज देऊन. आलात, बरा झाला."

मासळी बाजारामागच्या त्या चाळीत आता हे दोघंच उरले होते. नळ तोडला तेव्हा निम्मे भाडेकरू गेले, मीटर काढून नेल्यावर बाकीचे. घरमालक उदयसिंह इन्स्पेक्टरच्या मागेच उभा होता, दोन माणसं घेऊन.

इन्स्पेक्टरनं मोरीतला नळ सोडून पाहिला. दिव्याचं बटण खालीवर केलं. मग फायलीतून कागद काढला.

"हा अर्ज तुमचाच ना? अंगठा तुमचा?"

"माजाच. पानी नाय, लाइट नाय, मालकानं तोडली. सगला लिवलाय."

"तेच. पाणी नाही, लाइट नाही, म्हणजे खोली राहण्यास अयोग्य. तुमच्याच अर्जावरून हुकूम निघालाय. आज ताबा द्यायचा."

गंगाबाईला आधी कळलंच नाही.

"मी नल जोडाया सांगितला सायेब, घर सोडाया नाय. तीस वर्सं ऱ्हातो आमी. आमचा हक हाय."

"हक्क राहण्याचा असतो, बाई. खोली राहण्यालायकच नाही, तर हक्क कसला?"

"आन् तोडला कोनी, ता?"

"ते या फायलीत येत नाही."

"तुमच्या जिवाच्या काळजीनंच हो, मावशी," उदयसिंह म्हणाला.

त्या दोन माणसांनी काशिरामला खाटेसकट उचलून गल्लीत ठेवलं. मागून भांडी आली, मासळीची पाटी आली. दाराला सील लागलं. ऊन थेट काशिरामच्या तोंडावर येत होतं.

इन्स्पेक्टरनं दुसरा कागद पुढे केला. "ताबा राजीखुशीनं दिला म्हणून इथं अंगठा करा."

गंगाबाईनं दोन्ही हात पदरात गुंडाळले. "नाय करनार."

"खोली काशिरामच्या नावावर आहे," उदयसिंह हळूच म्हणाला.

इन्स्पेक्टर खाटेशी उकिडवा बसला. त्यानं काशिरामचा डावा हात उचलून अंगठ्याला शाई लावली. काशिराम घशातून ओरडला. चांगल्या हातानं त्यानं इन्स्पेक्टरचं मनगट गच्च धरलं. उदयसिंहनं वाकून त्याची बोटं एकेक करून सोडवली. गंगाबाई धावली, पण उदयसिंहच्या दोन माणसांनी तिला मागेच धरून ठेवलं. ठसा स्वच्छ उठला.

इन्स्पेक्टर फुंकर मारून कागद वाळवत निघून गेला. उदयसिंहनं घड्याळात पाहिलं.

"मावशी, खाट जरा कडेला घ्या. विटांचा ट्रक यायचाय."

गंगाबाईनं आजूबाजूला पाहिलं. मग पायथ्याशी जाऊन खाटेचे खूर धरले आणि ओढायला सुरुवात केली.