सेकंदाचाही फरक नाही

कारखान्याच्या बाराही वजनकाट्यांवरच्या संगणकांची घड्याळं विनयाने इंदापूरच्या ऑफिसात बसून आपल्या घड्याळाशी जुळवली. आता कुणाचा ऊस आधी आला, यावरून भांडणं होणार नव्हती.

“ताई, सेकंदाचाबी फरक न्हाय बगा!” डाळजच्या काट्यावरून सर्जेराव फोनवर म्हणाले.

“आता माझ्या घड्याळाच्या पुढे कुणी जायचं नाही, तात्या,” ती मान ताठ करून म्हणाली.

पडद्यावर बाराही काट्यांवरचे कॅमेरे चालू होते. बोलता बोलता सर्जेरावांनी डाव्या हाताने कानाची पाळी धरली. त्याच क्षणी पिंपळीच्या काट्यावरच्या सोनमनेही धरली. विनयाने एका नजरेत बाकीच्या चौकटी पाहिल्या. बाराही जणांनी कान धरला होता.

ती हसायला गेली, तेवढ्यात तिचाही डावा हात आपोआप कानाकडे निघाला.

त्या बारा जणांच्या मागून, बरोबर एका सेकंदाने.