रुखवतातला डबा

रुखवतातल्या प्लास्टिकच्या डब्याची कड वरमाई कुमुदबाईंनी सगळ्यांदेखत कापली आणि तो तुकडा प्लास्टिक पारखायच्या यंत्रात तापत ठेवला. पडद्यावरची रेघ एकदा खचली, थोड्या वेळाने पुन्हा खचली.

"अस्सल एकदाच वितळतं. हे दोनदा वितळलं, म्हणजे भेसळ," कुमुदबाई म्हणाल्या. "नवं प्लास्टिक बनणं बंद झालं, म्हणून कचरा वितळवून आमच्या गळ्यात मारता?"

नवरी इंद्रायणीच्या वडिलांनी हात जोडले. तिने ते खाली केले. मग सोन्याहून महाग, अस्सल जुन्या प्लास्टिकचं म्हणून वरपक्षाने मिरवलेलं मंगळसूत्र तिने ताटातून उचललं आणि त्यातला एक मणी तोडून यंत्रात टाकला.

"काकू, आता तुमचं बघू."

रेघ तीनदा खचली. इंद्रायणीने उरलेले मणी नवरदेवाच्या हातावर ठेवले.

"पुढच्या मुलीकडे जाताना घरीच तापवून बघा."