काठ्यांची फुली
खालून मृणालच्या काठ्यांची फुली वर आली आणि केतकीचं डोकं फिरलं. बर्फाच्या उंचवट्यापलीकडचा उतार वरून दिसत नाही, म्हणून आधी उडी मारलेल्याने काठ्यांची फुली धरली की मागच्याने थांबायचं, असा स्कीइंगचा साधा नियम.

"थांब, मी खाली बघून येतो," शेजारी उभे असलेले प्रशिक्षक सर म्हणाले.

"काय बघणार? मृणाल जळते माझ्यावर." गेल्या वर्षी केतकीनेच तिला खोटी फुली दाखवून पदक हिसकावलं होतं. "उट्टं काढतेय मेली."

ती सुसाट निघाली, उंचवट्यावरून हवेत झेपावली आणि मग तिला फुली धरणारे हात दिसले. मृणाल पाय मोडून पडली होती, केतकी जिथे उतरणार होती नेमकी तिथेच.