पोरीचा तोरा

शिकायला म्हणून घरी राहायला आलेल्या त्या परदेशी पोरीचं वागणं म्हातारीला मुळीच पटेना. महिना होत आला, पण घरात तिचा मागमूस नाही. जेवली की ताट घासूनपुसून जागेवर, ओला टॉवेल कपाटात दडवलेला, दात घासायचा ब्रशही मुठीत धरून खोलीत न्यायची.

शेवटी म्हातारीनं तिला गाठलंच. "एवढा कसला गं तोरा? आमचं घर काय चावतं तुला?"

पोरीचे डोळे भरले. "आईनं बजावलंय, आजी. परक्या घरात आपली कुणाला अडचण होऊ द्यायची नाही."

म्हातारीनं रिकाम्या खोल्यांकडे एकदा पाहिलं.

"माझी पोरं पांगल्यापासून मी जिच्यावर-ज्याच्यावर ओरडावं असं कुणी उरलंच नाही. उद्यापासून चपला वाटेत काढायच्या, आणि मी ओरडले की उलटून बोलायचं!"