व्हल्गॅरिस

"आईला साधी गाठ आहे, बाबा. औषधानं विरेल," म्हणत मुलीनं रिपोर्टची घडी घातली.

माळ्यानं हात पुढे केला. "दे इकडे."

"इंग्रजीत आहे. तुम्हाला काय कळणार?"

"रोगाचं नाव तर लॅटिनच असेल ना?"

बत्तीस वर्षं तो वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या पाट्या लिहीत आला होता. इंग्रजीच्या नावानं बोंब होती. पण लॅटिन नावं तो शेंग सोलावी तशी सोलायचा. अल्बा म्हणजे पांढरं. रेपेन्स म्हणजे जमिनीवर सरपटणारं. नाव कळलं की झाडाची कुंडली कळली, असं तो म्हणायचा.

दवाखान्याच्या बाकावर त्यानं कागद मांडीवर पसरला. ओळींवरून फिरणारं बोट एका जागी थांबलं. ग्लायोब्लास्टोमा मल्टिफॉर्मे.

"ब्लास्ट म्हणजे कोंब," तो म्हणाला. "मल्टिफॉर्मे म्हणजे नाना रूपांचा. कुठवर पसरलाय?"

मुलगी म्हणाली, "मेंदूत खोलवर."

"मुळासकट निघत नाही. असंच ना?"

"आईला बोलू नका, बाबा. माझी शपथ आहे तुम्हाला."

खोलीत बायको उशीला टेकून बसली होती. डोक्याला पट्टी.

"या पंडित! काय निघालं? लेकीला विचारावं तर ती खिडकीबाहेर बघते. तुम्ही सांगा. नाव काय त्याचं?"

त्यानं तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

"व्हल्गॅरिस."

"म्हणजे साधंच की! कुठेही उगवणारं." त्याच्याबरोबर संसार करून एवढं तिलाही येत होतं. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. "लिहून द्या बघू. तुमच्या पाटीवर कधी चुकीचं नाव चढलं नाही."

पाटीचा एखादा कोरा पत्रा आणि पेन्सिल त्याच्या खिशात कायम असे. पत्रा गुडघ्यावर ठेवून त्यानं लिहिलं. आठ रोमन अक्षरं. लिहायला वेळ लागला.

तिनं पाटी उजेडाकडे धरली. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेका अक्षरावरून अंगठा फिरवला.

"अक्षर हललंय तुमचं," ती म्हणाली, आणि पाटी उशाशी पालथी ठेवली.